नीलवंत ओळखायचं असेल तर निळा रंग सगळ्यात शेवटी बघा

पाऊस सुरू झाला की फोनवर फोटो यायला लागतात. "हे आपलं राज्य फुलपाखरू ना?" फोटोत कधी ब्लू टायगर असतं, कधी ब्लूबॉटल, आणि दर वर्षी एकदा तरी दक्षिण अमेरिकेतलं मॉर्फो. उलटंही होतं. कुणी ओढ्याकाठी बसलेल्या काळ्या-करड्या फुलपाखराचा सुरेख फोटो पाठवतं, खाली लिहितं "नाव माहीत नाही, साधंच आहे", आणि ते नेमकं ब्लू मॉरमॉन निघतं. म्हणजे नीलवंत, महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. काही जण राणी पाकोळी म्हणतात. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिमनेस्टर.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. माणसं आधी निळा रंग बघतात. निळा दिसला की नीलवंत, नाही दिसला की दुसरं काहीतरी. पण याच्या पंखांच्या खालच्या बाजूला निळा रंग नसतोच, तिथे करडा असतो. वरच्या बाजूचा निळाही उन्हात वेगळा, सावलीत वेगळा आणि जुन्या पंखांवर आणखी वेगळा दिसतो. शिवाय निळी फुलपाखरं आपल्याकडे कमी नाहीत. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. त्यात रंगाचा नंबर मुद्दाम मागे ठेवलाय.

१. निघण्यापूर्वी

हंगाम. नीलवंत तसं वर्षभर दिसतं, पण भर पावसाळ्यात आणि पाऊस संपता संपता जास्त दिसतं. नवख्यांनी ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ धरावा. एप्रिल-मेमध्ये कोरड्या रानात हिंडून "आमच्याकडे नसतंच" असा निष्कर्ष काढू नये.

वेळ. दोन सरींच्या मध्ये ऊन पडतं तो अर्धा-पाऊण तास सगळ्यात चांगला. ढगाळ दिवशी फुलपाखरं पानाआड बसून राहतात, आणि ऊन आलं की एकदम बाहेर पडतात. सकाळी नऊ ते बारा हा माझा ठरलेला वेळ. दुपारी दोननंतर मी शक्यतो जात नाही, गेलोच तर डबा खायला.

जागा. दक्षिणेतला द्वीपकल्पीय भारत आणि श्रीलंका हा याचा मुलूख. महाराष्ट्रात सह्याद्रीचा पावसाळी पट्टा आणि कोकण, शिवाय गोवा, ही खात्रीची ठिकाणं. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, फणसाड, ताम्हिणी, आंबोली, गोव्यातलं बोंडला, यातलं जवळ असेल ते निवडा. पण जंगलातच गेलं पाहिजे असं नाही. मुंबई-पुण्याच्या बागांतही ते येतं, आवारात पपनस किंवा लिंबाचं झाड आणि एक्झोराची झुडपं असली तर हमखास.

सामान. फोन चालतो, पण लेन्स पुसून घ्या; पावसाळ्यात तिच्यावर वाफ धरते आणि सगळे फोटो धुरकट येतात. पाकिटात दहाची नवी नोट आणि पाचशेची नवी नोट असू द्या. कशाला ते पुढे कळेल. एक छोटी वही आणि पेन्सिल घ्या, बॉलपेन दमट कागदावर उठत नाही.

पाठ करायचे शब्द चारच. पुढचा पंख, मागचा पंख, वरची बाजू, खालची बाजू. पंख उघडून बसलं की वरची बाजू दिसते, पाठीवर मिटून बसलं की खालची. हे वाचताना सोपं वाटतं. पण "मागच्या पंखाची खालची बाजू" म्हटल्यावर निम्मे लोक पुढच्या पंखाचं टोक दाखवतात. घरी एखाद्या फोटोवर बोट ठेवून हे चार भाग दाखवता आले की मगच निघा.

इशारा: जाळी नेऊ नका. राष्ट्रीय उद्यानात आणि अभयारण्यात काहीही पकडायला परवानगी लागते. आणि ओळखीसाठी पकडायची गरजही नाही.

२. पळू नका, उभे राहा

नीलवंत वेगात आणि वेडंवाकडं उडतं. पायवाटेच्या, ओढ्याच्या, रस्त्याच्या कडेनं येतं, माणसाच्या डोक्यावरून जातं, वळतं, पुन्हा येतं. त्याच्यामागे धावणारा माणूस दोन गोष्टी मिळवतो: धाप आणि पाठमोरा धूसर फोटो.

त्यापेक्षा उन्हाचा कवडसा पडणारी फुललेली झाडं शोधा. एक्झोरा, मुसांडा, घाणेरी, जास्वंद चालेल. तिथे सूर्य पाठीशी ठेवून चार-पाच पावलांवर उभे राहा. तुमची सावली फुलांवर पडता कामा नये. सावली सरकली की ते उडतं.

दुसरी जागा ओढ्याकाठची ओली माती. तिथे फुलपाखरं सोंडेनं ओलावा आणि त्यातले क्षार ओढून घेतात. आमच्यात याला चिखलपान म्हणतात. चिखलपानाला बहुतेक नरच येतात. एकदा बसले की बराच वेळ हलत नाहीत, त्यामुळे नवख्याला ही जागा फुलांपेक्षा सोपी.

तपासणी: उभं राहिल्यावर स्वतःला विचारा, इथे बसल्यावर मला त्याची कुठली बाजू दिसणार? फुलावर वरची, चिखलावर बहुतेक वेळा खालची. म्हणजे काय शोधायचं ते आधीच ठरतं.

३. फोटो किती आणि कोणत्या क्रमानं

पहिला फोटो लांबूनच काढा. दिसलं की लगेच, कसाही. तो पुरावा. त्यानंतर एक पाऊल पुढे, पुन्हा फोटो. अशी तीन-चार पावलं. बहुतेकांची चूक इथे होते. चांगल्या फोटोच्या आशेनं आधी जवळ जातात, फुलपाखरू उडतं, आणि हातात एकही फोटो राहत नाही.

दुसरी अडचण पंख फडफडवण्याची. फुलातून मध पिताना नीलवंत पंख पूर्ण थांबवत नाही. पुढचे पंख सतत थरथरतात, मागचे त्या मानाने स्थिर असतात. म्हणून फोकस पुढच्या पंखाच्या टोकावर देऊ नका, मागच्या पंखावर द्या. ओळख पटवणाऱ्या बहुतेक खुणा तिथेच आहेत, आणि तोच भाग स्पष्ट येतो. कॅमेरा असेल तर शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. फोन असेल तर सरळ व्हिडिओ घ्या आणि घरी त्यातली स्पष्ट चौकट काढा. मला यात काही कमीपणा वाटत नाही.

घरी परतताना हातात असायला हवेत: वरच्या बाजूचा एक फोटो, खालच्या बाजूचा एक, अंगाचा म्हणजे डोकं-छाती-पोटाचा एक, आणि आजूबाजूच्या झाडासकट एक. चारही क्वचितच मिळतात. मागच्या पंखाचा एक स्पष्ट फोटो मिळाला तरी काम भागतं.

इशारा: फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीनं पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली जागेची माहितीही निघून जाते. ओळखीसाठी कुणाला पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

४. ओळखीचा क्रम

इथे घाई नको. एकेक पायरी बघा, उत्तर वहीत लिहा, मग पुढे जा.

पहिली पायरी: आकार

नीलवंताचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १२० ते १५० मिलिमीटर भरतात. आता त्या नोटा काढा. दहाची नवी नोट १२३ मिलिमीटर लांब असते, पाचशेची १५०. म्हणजे सगळ्यात लहान नीलवंत साधारण दहाच्या नोटेएवढं आणि सगळ्यात मोठं पाचशेच्या नोटेएवढं. एटीएम कार्ड साडेआठ सेंटिमीटरचं. ब्लूबॉटल त्या कार्डाच्या आसपास असतं, कॉमन मॉरमॉन आणि ब्लू टायगर कार्डाहून जरा मोठी.

नोट फुलपाखराजवळ धरायची नाही! ते उडून गेल्यावर ज्या फुलांच्या गुच्छावर बसलं होतं त्याच्याशी नोट लावून बघायची. गुच्छाच्या कितपत बाहेर पंख येत होते ते आठवतं, आणि अंदाज बऱ्यापैकी बसतो.

दुसरी पायरी: शेपटी

मागच्या पंखाच्या खालच्या कडेला शेपटीसारखं टोक आहे का? नीलवंताला शेपटी नसते. कड नागमोडी असते, पण बाहेर लोंबणारं टोक नसतं. कॉमन मॉरमॉनला शेपटी असते, रेड हेलनला असते, पॅरिस पीकॉकलाही असते. या एका पायरीत निम्मे उमेदवार गळतात.

तिसरी पायरी: मागच्या पंखाची वरची बाजू

खरी ओळख इथे आहे. पंखाचा मुळाकडचा भाग काळा, आणि बाहेरचा जवळजवळ तीन-चतुर्थांश भाग फिकट निळा. चमकणारा निळा नव्हे, धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या सुती कापडासारखा, जरासा करडा. या निळ्या भागावर काळ्या ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. आतली ओळ लांबट ठिपक्यांची, आणि त्यांची टोकं आत मुळाकडे वळलेली. मधली ओळ अंडाकृती ठिपक्यांची, दोन शिरांच्या मधल्या जागेत. बाहेरची ओळ अगदी कडेला, शिरा जिथे संपतात तिथे. वरच्या कोपऱ्यात बाहेरचे आणि मधले ठिपके एकमेकांत मिसळून जातात.

एकदा फोटो मोठा करून या तीन ओळी बोटानं मोजा. मी नवख्यांना हे करायला लावतो, तेव्हा ते कंटाळतात. पण मोजलेल्या माणसाला पुढे ब्लू टायगर नीलवंत वाटत नाही.

चौथी पायरी: पुढच्या पंखाची वरची बाजू

मूळ रंग काळा. बाहेरच्या भागात शिरांच्या मध्ये निळे रुंद पट्टे. मागच्या कडेजवळचे पट्टे लांब आणि ठळक, वर टोकाकडे जाताना आखूड आणि पुसट होत जातात. पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत ते पोचत नाहीत. म्हणून उडताना पुढचा पंख जवळपास काळाच वाटतो आणि मागचा निळा पंख झपकन चमकून जातो.

पाचवी पायरी: खालची बाजू

लोक जिथे अडखळतात ती हीच पायरी, म्हणून इथे थोडा वेळ देऊ.

खालून रंगच वेगळा. वर जिथे निळं आहे तिथे खाली करडं, त्यात किंचित पिवळट-तपकिरी झाक. मागच्या पंखावरचा हा करडा भाग वरच्या निळ्यापेक्षा सहसा अरुंद असतो. काळे ठिपके मात्र वरच्यासारखेच. पुढच्या पंखावरचे करडे पट्टे खालच्या बाजूला थेट पुढच्या कडेपर्यंत जातात, वरच्यासारखे मध्येच विरत नाहीत.

आणि मुख्य खूण: पंखांच्या मुळाशी लाल. पुढच्या पंखाच्या मुळाशी एक लांबट गडद लाल डाग, मागच्या पंखाच्या मुळाशी पाच छोटे, वेडेवाकडे लाल ठिपके. अंगाला लागून असल्यानं ते पटकन दिसत नाहीत. दिसले की मग डोळ्यांसमोरून जात नाहीत.

माझा पहिला खालच्या बाजूचा फोटो ओढ्याकाठच्या मातीवरचा होता. पाच फुलपाखरं एका ओळीत बसलेली, पंख मिटलेले. चार मी ओळखली आणि पाचव्यापुढे "करडं, अनोळखी" असं लिहिलं. दोन वर्षांनी तीच वही एका जाणकारासमोर उघडली. त्यांनी फोटो मोठा केला, अंगाजवळ नखानं दाखवलं, "हे लाल काय आहे?" एवढंच विचारलं. कुंकवाचं बोट चुकून लागावं तसे ते ठिपके होते. दोन वर्षं माझ्याच फोनमध्ये.

सहावी पायरी: अंग

डोकं, छाती आणि पोट काळपट तपकिरी. छातीवर करड्या-निळ्या केसांची झाक. अंगावर ठळक पांढरे ठिपके नाहीत, अंग लाल नाही. लाल अंग दिसलं की ते कॉमन रोझ किंवा क्रिमझन रोझ असण्याची शक्यता बघा. पंखाच्या मुळाशी लाल आणि अंगच लाल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाईत त्यांची गल्लत होते.

सातवी पायरी: आता रंग बघा

सगळं जुळलं असेल तर निळा रंग तुमच्या उत्तराला दुजोरा देईल. जुळलं नसेल तर निळ्यावरून सुरुवातीलाच किती भरकटला असता ते कळेल.

तपासणी: आकार, शेपटीचा अभाव आणि मागच्या पंखावरच्या ठिपक्यांच्या ओळी (वरून किंवा खालून), या तीन गोष्टी पक्क्या दिसल्या तरच "नक्की" लिहा. दोनच दिसल्या तर "बहुधा". एकच दिसली तर वहीत फक्त "मोठं, काळं-निळं" एवढंच लिहून पुढे चला. त्यात लाज नाही.

नर की मादी? फोटोवरून ठरवण्याच्या भानगडीत नवख्यानं पडू नये. लिंबाच्या कुळातल्या झाडाभोवती घुटमळत पानावर क्षणभर टेकून पोट वाकवणारी ती मादी, अंडं घालते आहे. चिखलावर बसलेला बहुधा नर. याहून जास्त लिहू नका.

५. ज्यांच्याशी गल्लत होते ती मंडळी

ब्लू टायगर. सगळ्यात जास्त गल्लत यानेच होते. काळ्या-तपकिरी पंखांवर फिकट निळसर पट्टे आणि ठिपके विखुरलेले असतात, दोन्ही पंखांवर सारखेच. नीलवंतात निळा रंग एकसलग आणि त्यावर काळे ठिपके, इथे काळं एकसलग आणि त्यावर निळसर ठिपके. डोकं-छातीवर पांढरे टिपके. संथ उडतं, खुळखुळ्याच्या झुडपावर घोळक्यानं बसतं. आणि बसल्यावर सहाऐवजी चारच पाय वापरतं, पुढचे दोन आखडलेले असतात. नीलवंत सहा पायांवर बसतं.

ब्लूबॉटल. लहान. पुढच्या पंखाच्या टोकाजवळून मागच्या पंखापर्यंत जाणारा एकच निळा-हिरवट पट्टा, उन्हात काचेसारखा. चिखलावर नीलवंताच्या शेजारीच बसतं, म्हणून फसगत होते. शेजारी बसलेलं असेल तर आकारातला फरक फोटोतच दिसतो.

कॉमन मॉरमॉन. नाव सारखं, म्हणून मनात जागा एकच. नर काळा, शेपटीवाला, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची माळ. मादी तीन रूपांत येते: एक नरासारखी, एक कॉमन रोझची नक्कल करणारी, एक क्रिमझन रोझची नक्कल करणारी. नक्कल पंखांपुरतीच असते, अंग काळंच राहतं.

रेड हेलन मोठं असतं, शेपटी असते, आणि मागच्या पंखावर पांढरट मोठा डाग असतो, एकमेकांना चिकटलेल्या ठिपक्यांचा. ओल्या रानात उडताना हा डाग फिकट निळा वाटू शकतो. शेपटी बघा, प्रश्न मिटतो.

पॅरिस पीकॉकच्या मागच्या पंखावर निळा डाग असतो खरा, पण तो धातूसारखा चकाकतो आणि उरलेल्या पंखावर हिरवी पूड उडवल्यासारखी दिसते. ग्रेट एगफ्लायचा नर काळा, त्यावर पांढरे मोठे ठिपके आणि ठिपक्यांभोवती जांभळट-निळी झळाळी. सदर्न बर्डविंग नीलवंताहूनही मोठं, पण मागचा पंख पिवळा. यांच्याशी गल्लत होणारा माणूस फोटो न बघताच बोलत असतो.

मॉर्फो. फॉरवर्ड होऊन येणारं. दोन्ही पंख वरून जवळजवळ संपूर्ण चमकदार निळे, खालून तपकिरी आणि डोळ्यांसारखी वर्तुळं. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं आहे. ते आपल्या गावात दिसलं असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, फोटो तुम्हीच काढला का?

आणखी एक, फिरायला जाणाऱ्यांसाठी. मेघालय, आसाम किंवा अरुणाचलच्या सहलीत मोठं काळं, बिनशेपटीचं, निळसर पट्ट्यांचं फुलपाखरू दिसलं की लोक "आपलं नीलवंत इथेही!" असं लिहितात. तिकडचं ते ग्रेट मॉरमॉन. त्यालाही पंखांच्या मुळाशी लाल असतं, म्हणून फक्त लाल ठिपक्यांवर विसंबू नका. नराचा मागचा पंख बराचसा काळाच राहतो, त्यावर फिकट निळ्याचा तो मोठा सलग भाग नसतो.

६. फाटके पंख, विटलेले पंख

पुस्तकातलं चित्र नुकत्याच कोशातून निघालेल्या फुलपाखराचं असतं. तुम्हाला दिसणारं पंधरा दिवस काट्यांतून फिरलेलं असतं, एखाद्या पक्ष्यानं मागच्या पंखाचा घास घेतलेला असतो. इथे दोन सापळे आहेत.

एक: शेपटी तुटलेलं रेड हेलन किंवा कॉमन मॉरमॉन बिनशेपटीचं दिसतं. म्हणून "शेपटी नाही" लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे मागचे पंख बघा. कड दोन्हीकडे सारखी आणि गुळगुळीत नागमोडी असेल तर शेपटी मुळातच नाही. एकीकडे वेगळी, ओरबाडल्यासारखी असेल तर तुटलेली आहे.

दोन: पंखांवरचे खवले झडले की काळा रंग तपकिरी होतो आणि निळा राखाडी. असं जुनं नीलवंत कुणालाच पसंत पडत नाही, फोटो न काढताच लोक निघून जातात. ठिपक्यांच्या ओळी मात्र शेवटपर्यंत टिकतात. त्या मोजा.

संध्याकाळी किंवा पावसात झोपायला बसलेलं नीलवंतही फसवतं. पंख पसरलेले असतात, पण पुढचे पंख मागे ओढून घेतल्यामुळे मागच्या पंखाचा निळा भाग बराचसा झाकतो. पानाखाली नुसता काळा त्रिकोण दिसतो. अशा वेळी त्याला हलवू नका, उठवू नका. खालच्या कडेनं डोकावणारी निळी पट्टी आणि ठिपके शोधा, नाहीतर ऊन यायची वाट बघा.

७. लिंबावरची अळी नीलवंताची की आणखी कुणाची?

"कढीपत्त्यावर नीलवंताची अळी सापडली" असा निरोप आला की मी लगेच हो म्हणत नाही. नीलवंताची मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. रानात माकडलिंबूसारखी झाडं, आवारात पपनस, लिंबू. पण त्याच कुळावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम बटरफ्लायही अंडी घालतात. कढीपत्त्यावर तर बहुतेक वेळा कॉमन मॉरमॉनच असतं.

लहान अळ्या तिन्हींच्या सारख्याच, पक्ष्याची विष्ठा पडावी तशा काळ्या-पांढऱ्या. शेवटची कात टाकल्यावर हिरव्या होतात. बोट लावलं की डोक्यामागून दोन शिंगांसारखं ओलं, दुर्गंधी अवयव बाहेर काढतात, हेही तिन्हींमध्ये. तेव्हा अळीवरून नाव ठरवू नका. क्रम असा ठेवा.

अळी आहे तिथेच, झाडावरच राहू द्या. आणायचीच असेल तर फांदीसकट आणा आणि ज्या झाडावर सापडली त्याच झाडाची पानं द्या. फवारणी केलेल्या रोपाची पानं देऊ नका. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या लिंबाच्या रोपावर अळी मरण्याचं बहुधा हेच कारण असतं. रोज एक फोटो, तारखेसह. कोश झाला की फांदी हलवू नका. कोश साधारण दहा-पंधरा दिवस असतो, गारठा असेल तर जास्त. फुलपाखरू बाहेर पडल्यावर पंख लोंबकळत ठेवून वाळवतं. त्या दोन तासांत हात लावला तर पंख कायमचा वाकडा राहतो. पंख वाळले की वर सांगितलेल्या सात पायऱ्या वापरा आणि मग मागे जाऊन अळीच्या फोटोंना नाव द्या.

इशारा: झाडावरच्या कोशातून फुलपाखराऐवजी छोटी माशी किंवा गांधीलमाशीसारखा बारीक कीटक निघाला तर तो परजीवी आहे. यात तुमची चूक काही नाही. रानात असं नेहमीच होतं.

८. नोंद लिहायची पद्धत

ओळख पटली, आता ती कुणाच्या उपयोगी पडेल अशी लिहा. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ, म्हणजे फुलपाखरांच्या नोंदी करायचा महिना, चालतो, तेव्हा आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या अ‍ॅपवर खूप नोंदी येतात आणि त्यातल्या खूपशा अर्धवट असतात.

फोटो टाकण्यापूर्वी कातरा, फुलपाखरू चौकटीचा निम्मा भाग व्यापेल इतपत. अ‍ॅपनं सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. लांबून काढलेल्या काळ्या फुलपाखराला ते काहीही सुचवतं. आधी तुमच्या सात पायऱ्यांचं उत्तर वहीत असू द्या, मग अ‍ॅपचं बघा. दोन्ही जुळलं तर प्रजातीचं नाव टाका. जुळलं नाही तर "पॅपिलिओ" एवढ्यावर थांबा, दुसरं कुणीतरी पुढचं सांगेल. एकाच फुलपाखराचे चार फोटो चार नोंदी म्हणून टाकू नका. वरची बाजू, खालची बाजू, सगळे एकाच नोंदीत.

जागा गावाच्या नावावर सोडू नका, नकाशावर टाचणी लावा. "पुणे" लिहिलेल्या नोंदीतून ते सिंहगडाच्या पायथ्याशी होतं की सोसायटीच्या बागेत, हे कळत नाही.

वहीतली माझी गेल्या पावसाळ्यातली एक नोंद जशीच्या तशी देतो, हवं तर नमुना म्हणून वापरा: "सकाळी १०.२०, सर थांबून दहा मिनिटं. ओढ्याकाठची माती, पंख मिटलेले. पाचशेच्या नोटेहून किंचित लहान. शेपटी नाही, दोन्ही बाजू सारख्या. खालून करडं, ठिपके दिसले. मुळाशी लाल, पुढच्या पंखावर एक, मागच्यावर चार मोजले, पाचवा पायाआड असावा. वरची बाजू दिसली नाही. नीलवंत, नक्की. संख्या १. शेजारी ब्लूबॉटल ३."

निळा हा शब्द त्यात कुठेच नाही.